आमच्या दुकानात समिती नव्हती

गावाचं नाव लिहीत नाही, एजन्सीचं तर नाहीच. घाबरून नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. तक्रार करणारी बाई, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो माणूस आणि साक्षीदार यांची ओळख पटेल असं काही जाहीर करायचं नाही, असं त्याचं सोळावं कलम सांगतं. त्याच कलमाच्या शेपटाला एक सवलत आहे. कुणाची ओळख उघड न करता, न्याय मिळाला एवढं सांगायला हरकत नाही. त्या सवलतीच्या आधारानं लिहिते आहे. काही तपशील गाळलेत, काही बदललेत, पण क्रम घडला तसाच ठेवलाय, कारण या सगळ्या प्रकरणात क्रमालाच किंमत आली.

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव आणि औषधांची होलसेल एजन्सी. मालक दोघे भाऊ, भागीदारीत. कामाला आम्ही सात जण: बिलिंगला मी आणि एक मुलगी, गोडाऊनला एक मावशी आणि दोन पोरं, एक टेम्पोवाला आणि एक वसुलीला फिरणारा. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणायचे. बँक, कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर), बाहेरच्या भेटीगाठी त्यांच्याकडे. माल, गोडाऊन आणि स्टाफ धाकट्यांकडे. मी बिलं करायची आणि महिन्याच्या शेवटी एक्सपायरीचा माल बघायची. म्हणजे मेडिकलवाल्यांकडून परत आलेल्या मुदत संपलेल्या गोळ्या-बाटल्या कंपनीवार लावायच्या, बॅच नंबर, तारीख, एमआरपी वहीत उतरवायची आणि क्रेडिट नोटसाठी, म्हणजे त्याचे पैसे कंपनीकडून वळते करून घ्यायला, पाठवायचं. त्या वहीचा पुढे उपयोग होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते पुन्हा पुन्हा सांगून कंटाळले आहे. रात्री उशिरा धाकट्यांचे मेसेज यायचे. आधी कामाचे, मग ‘जेवलीस का’, मग साडीबद्दल, मग डीपीतल्या फोटोबद्दल. गोडाऊनमध्ये रॅकच्या मधली वाट दोन माणसांची आहे, तरी अंगाला घासूनच जायचं. एकदा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पगाराचं बघू, रविवारी स्टॉक टॅलीला एकटीच ये. त्या रात्री मी मेसेज केला: ‘सर, कामाचं काही असेल तर दुकानाच्या वेळेत सांगा. बाकीचे मेसेज करू नका.’

दुसऱ्या दिवसापासून मेसेज बंद झाले आणि दुसरं सुरू झालं. माझ्याकडची बिलिंग काढून घेतली. रोज दिवसभर एक्सपायरी, तीही मागच्या पत्र्याच्या खोलीत, पंखा नाही तिथं. मेडिकलवाले काउंटरला उभे असताना ओरडायचं, ‘हिला बेरीज येत नाही, हिला ठेवली ती आमची चूक.’ माल कमी भरला की शॉर्टेज माझ्या नावावर आणि ते पगारातून कापायचं. जेवायला बसले की हाक.

घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, ‘सोड नोकरी.’ सासूबाईंचंही तेच. पण त्या पगारातून मुलाची फी जायची, बचत गटाचा हप्ता जायचा, आणि दुसरी नोकरी गावात ठेवलेली नव्हती. शिवाय गंमत अशी, की ज्याला ज्याला सांगितलं त्यानं पहिला भाग ऐकून मान खाली घातली आणि दुसरा ऐकून म्हटलं, ‘अगं मालक लोक ओरडतातच.’ दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे हे कुणाला दिसेना.

तो संबंध कायद्याला दिसतो, हे मला वन्संमुळे कळलं. माझी मोठी नणंद अंगणवाडी सेविका आहे. त्यांच्या एका प्रशिक्षणात कुणी बाई येऊन सांगून गेल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, ‘अगं, दहा माणसं असली तर असल्या तक्रारी ऐकायला दुकानातच समिती लागते. दहाच्या आत असली तर जिल्ह्याला असते. आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तरी जिल्ह्यालाच.’ त्यांच्याच तोंडून भंवरीदेवींची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. राजस्थानात भटेरी गावात त्या ‘साथिन’ होत्या, म्हणजे वन्संसारख्याच सरकारी मानधनावर गावात काम करणाऱ्या. १९९२ मध्ये एक बालविवाह थांबवायला गेल्या आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १३ ऑगस्ट १९९७ ला कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल नियम घालून देणारा विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी हा कायदा. वन्सं हे सांगताना जरा ताठ बसल्या होत्या.

आता समिती शोधणं. कायद्याप्रमाणे प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमलेला असतो, त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत जिल्ह्याच्या समितीकडे धाडायची. तहसीलला गेले तर म्हणाले, पंचायत समितीत विचारा. पंचायत समितीत म्हणाले, हे महसूलचं काम, तहसीलला विचारा. मग सरळ जिल्ह्याची एसटी धरली.

तिथंही एक घोळ असतो, तो लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाची फेरी वाचेल. ‘महिला व बालविकास’ नावाची दोन ऑफिसं आहेत. एक जिल्हा परिषदेत, ते अंगणवाड्यांचं. दुसरं जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं, ते वेगळं, आणि आपलं काम तिथं. मी अर्थातच आधी जिल्हा परिषदेत गेले. दुसऱ्या ऑफिसात पोचले तर टेबलामागच्या बाईंनी वर न बघताच विचारलं, ‘नवरा मारतो का?’ त्यांचा दोष नाही, दिवसभर कौटुंबिक हिंसाचाराचीच प्रकरणं येतात. मी म्हटलं, ‘नवरा नाही, मालक. आणि मारत नाही.’ तेव्हा त्यांनी चष्मा काढला, मला बसायला सांगितलं आणि कपाटातून एक फाईल काढली. त्यात समितीचा आदेश होता, सदस्यांच्या नावांसकट. कागद नवाकोरा होता. म्हणाल्या, वरून पत्रावर पत्रं येतायत. ३ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं गोवा राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सगळ्या राज्यांना तारखा घालून दिल्या होत्या, या कायद्याखालचा जिल्हा अधिकारी अमुक दिवसापर्यंत नेमा, स्थानिक समित्या (म्हणजे याच जिल्ह्याच्या समित्या) अमुक दिवसापर्यंत करा. कायदा २०१३ चा, आणि अकरा वर्षांनी न्यायालयाला तारखा घालून द्याव्या लागतात. असो. माझ्या वेळेला समिती कागदावर तरी तयार होती. ‘शी-बॉक्स’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरूनही तक्रार करता येते, असं त्यांनी सांगितलं. मला हातात शिक्का मारलेला कागद हवा होता.

त्याच बाईंनी मला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. बायकांना तिथं वकिलाची मदत फुकट मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. समितीपुढे वकील उभा करता येत नाही, ना आपल्याला ना समोरच्याला, पण तक्रार लिहायला मदत घेता येते. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला लिहून देणं हे तर समितीचंच काम आहे, कायद्यानंच.

मला दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या, बोलायला तुसड्या. मी घरून पाच-सहा पानं लिहून नेली होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात लिहीत गेल्या. ‘मला खूप मानसिक त्रास झाला’ याच्यापुढे: कधीपासून? ‘ते सतत टोमणे मारायचे’ याच्यापुढे: तारीख? शब्द? कोण होतं? ‘मला मुद्दाम त्रास देण्यासाठी’ याच्यापुढे: मुद्दाम हे कशावरून? पानं संपेपर्यंत समास भरला. मला रडू यायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमचं खरं आहे हे मला दिसतंय. समितीला ते कागदावर दिसलं पाहिजे.’

मग त्यांनी कायद्याचं तिसरं कलम वाचून दाखवलं. नोकरीत फायद्याचं आमिष, नोकरीत नुकसान करण्याची धमकी, कामात अडथळा, कामाच्या ठिकाणी दहशतीचं वातावरण, आरोग्याला अपाय होईल अशी अपमानाची वागणूक, हे लैंगिक वर्तनाला जोडून आलं तर तेही लैंगिक छळातच मोडतं. म्हणजे पत्र्याची खोली, काउंटरवरचं ओरडणं आणि शॉर्टेज हे मालकाच्या तापट स्वभावात जमा होत नव्हतं. फक्त एक गोष्ट दाखवायची होती: हे सगळं माझ्या त्या मेसेजच्या आधी नव्हतं आणि नंतर सुरू झालं.

आणि ते दाखवायला माझ्याकडे वही होती. एक्सपायरीच्या वहीत प्रत्येक पानावर तारीख आणि माझी सही. आधीच्या सगळ्या महिन्यांत फक्त शेवटचे तीन-चार दिवस माझं अक्षर. त्या मेसेजनंतर रोज, पानंच्या पानं. उलट बिलिंगच्या कॉम्प्युटरवर माझ्या लॉगिननं झालेली बिलं त्या तारखेला थांबलेली. वकीलबाईंनी पहिल्यांदा हसून मान हलवली. वहीच्या पानांचे फोटो मी मोबाइलवर काढून ठेवले होतेच, कारण शॉर्टेज अंगावर येतंय म्हटल्यावर मी सगळ्याचेच फोटो काढायला लागले होते.

तक्रार शेवटी अडीच पानांची झाली. तारीख, जागा, काय बोलले किंवा केलं, कोण हजर होतं, कागद कुठला. शेवटची घटना तीन महिन्यांच्या आतली हवी. मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सहा प्रती द्याव्या लागतात, साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसकट. एक फुकटचा सल्ला: झेरॉक्स आपल्या गावात काढू नका. आमच्या स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला प्रत्येक कागद वाचून बघतो आणि अण्णांचा मेव्हणा लागतो. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पोलिसांकडे जायचा रस्ताही खुला होता, दोन्ही एकावेळी करता येतं. भारतीय न्याय संहितेचं पंचाहत्तरावं कलम यासाठीच आहे, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३५४-अ. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. मी तेव्हा गेले नाही. आमच्या चौकीत धाकट्यांचं उठणं-बसणं होतं, एवढं कारण मला पुरेसं होतं.

तक्रारीची एक प्रत सात कामाच्या दिवसांत समोरच्याला जाते आणि त्याला उत्तराला दहा दिवस मिळतात, तेही कामाचेच. नोटीस दुकानात आली त्या संध्याकाळी अण्णा आमच्या घरी आले. एकटे नाही, आमच्या चुलत सासऱ्यांना घेऊन. चुलत सासरे आमच्या घरात मोठे, त्यांच्यापुढे मी डोक्यावरून पदर घेते. अण्णांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, पण बोलले अगदी मऊ. ‘पोरी, तो येडा आहे, मी त्याच्या कानफटात दिली. पगार दोन हजारानं वाढवतो, शॉर्टेजचे सगळे परत. कागद मागं घे.’ चुलत सासरे म्हणाले, ‘सूनबाई, गावात राहायचंय आपल्याला.’

मी आतून वकीलबाईंनी दिलेली कायद्याची प्रत आणली नाही की काही नाही. फक्त म्हटलं, ‘अण्णा, समेट करायचा तर समितीपुढे करता येतो, मी मागितला तर. आणि पैसे देऊन करता येत नाही.’ हे खरं आहे, दहाव्या कलमात स्पष्ट आहे: समेटाची विनंती बाईनंच करायची आणि पैसा हा त्याचा पाया असू शकत नाही. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. चुलत सासरे पुढे बरेच महिने आमच्याशी बोलले नाहीत. हळदी-कुंकवाला त्यांच्या घरून बोलावणं आलं नाही. या किमतीचा हिशेब कुठल्या कलमात नाही.

चौकशी चालू असताना बाईनं त्याच माणसाच्या हाताखाली बसायचं का? बसावं लागत नाही. बारावं कलम आहे, पण त्यासाठी वेगळा लेखी अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा त्या माणसानं आपल्या कामावर शेरा मारायचा नाही, असं मागता येतं. सात माणसांच्या दुकानात बदली कुठं करणार, कॅल्शियमच्या रॅकवरून कफ सिरपच्या रॅकवर? समितीनं सांगितलं की माझं काम अण्णांनी बघायचं, धाकट्यांनी नाही. रजाही मिळाली. रजेवर जाईपर्यंतचे दिवस वाईट होते. बिलिंगची दुसरी मुलगी डबा घेऊन वेगळी बसायला लागली. तिला दोष देत नाही. तिचं लग्न ठरायचं होतं.

धाकट्यांचं उत्तर आलं ते वकिलानं लिहिलेलं, हे वाचताच कळत होतं. त्यात दोन मुद्दे ठळक होते. पहिला, एजन्सीत सात नाही, अकरा माणसं आहेत, म्हणून जिल्ह्याच्या समितीला अधिकारच नाही. अकरांत टेम्पोवाल्याचा भाऊ होता, सीएच्या ऑफिसातून हिशेबाला येणारा पोरगा होता, आणि दोन्ही मालकांच्या मातोश्री होत्या, ज्या पगारपत्रकावर होत्या पण दुकानात फक्त लक्ष्मीपूजनाला येत. दुसरा मुद्दा, माझ्या कामातल्या चुका बाहेर आल्या म्हणून मी सूडानं तक्रार केली, तेव्हा चौदाव्या कलमाखाली माझ्यावरच कारवाई व्हावी.

चौदावं कलम वाचून माझे हातपाय गार पडले. खोट्या तक्रारीवर शिक्षा, असं त्यात आहे. वकीलबाईंनी पुढची ओळ दाखवली: नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. दुष्ट हेतू होता हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. बहुतेक बायका पहिल्या ओळीवरच थांबतात आणि समोरच्याचे वकील नेमके तेवढीच ओळ लिहून पाठवतात.

पहिली सुनावणी. मला कोर्टासारखं काहीतरी वाटलं होतं. प्रत्यक्षात एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बेटी बचावचं पोस्टर. समितीच्या अध्यक्ष समाजकार्यातल्या ज्येष्ठ बाई, सोबत संस्थेकडून आलेल्या एक वकील सदस्य, तालुक्यात काम करणाऱ्या एक बाई आणि खात्याच्या अधिकारी. अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर लागतातच, नाहीतर बैठक होत नाही. आम्हाला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. धाकट्यांना मला विचारायचे ते प्रश्न लिहून द्यायचे, ते अध्यक्ष विचारणार.

अकरा माणसांचा मुद्दा आधी निघाला. वकील सदस्य शांतपणे म्हणाल्या, ‘बरं, अकरा आहेत असं धरू. मग तुमच्या दुकानात अंतर्गत समिती असेल. तिचा आदेश दाखवा. नसेल तर सव्विसाव्या कलमाखाली पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, ते आधी घेऊ. आणि तुम्ही भागीदार आहात, म्हणजे तक्रार मालकाविरुद्धच आहे. माणसं सात असोत की सत्तर, ती आमच्याकडेच येते.’ हे मला नंतर कळलं, मी दुसऱ्या खोलीत होते. पण त्यानंतर अकरा हा आकडा कुठल्याच कागदात परत आला नाही.

मला विचारलेल्या प्रश्नांत एक होता: एवढा त्रास होता तर नोकरी लगेच का सोडली नाही? अध्यक्षांनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, ‘द्यायचं नसेल तर उत्तर देऊ नका.’ मी दिलं. म्हटलं, ‘पगार लागतो म्हणून. त्यांनाही दुकान लागतं म्हणून ते दुकान सोडत नाहीत.’ लिहून घेणाऱ्या बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

धाकट्यांनी मेसेज दोघांच्याही फोनवरून उडवले होते. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते, पण समितीनं स्क्रीनशॉटवर न थांबता फोनच मागितला आणि संभाषण वरपासून खालपर्यंत स्वतः बघितलं. उडवलेल्या मेसेजच्या जागी ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ आणि वेळ राहते. रात्री साडेअकरा, पावणेबारा. म्हणून फोन बदलू नका, विकू नका, काही फॉरमॅट करू नका.

वहीचे फोटो मी दिले होते, पण मूळ वही आणि कॉम्प्युटरचा लॉग दुकानात. समितीला दिवाणी न्यायालयाइतके अधिकार असतात, कागद मागवायचे आणि माणसाला बोलावायचे. त्यांनी ते वापरले. पुढच्या तारखेला वही टेबलावर आली. माझ्या हातचं अक्षर, बॅच नंबर, गोळ्यांच्या पावडरचे पांढरे डाग पानांवर तसेच. अध्यक्ष एकेक पान उलटत गेल्या आणि बोटानं तारखा मोजत गेल्या. धाकट्यांनी सांगितलं होतं की हे काम मी स्वतःहून मागून घेतलं. वकील सदस्यांनी विचारलं म्हणे, ‘आणि पगार कापा, अशीही विनंती त्यांनीच केली का?’

साक्षीदार दोन दिले होते. गोडाऊनमधल्या पोराला मी फार भरवशाचा धरलं होतं. तो आला नाही, आणि नंतर बाजारात दिसला तर गल्ली बदलून गेला. मावशी आल्या. त्यांना सही येते पण वाचता येत नाही. अध्यक्षांनी त्यांचा जबाब त्यांना दोनदा वाचून दाखवला. मावशींनी दुसऱ्यांदा थांबवलं आणि म्हणाल्या, ‘खांद्यावर हात ठेवला असं मी म्हटलं, तुम्ही हात लावला असं लिहिलंय. ठेवला होता. हिनं काढेपर्यंत काढला नव्हता.’ दुरुस्ती झाली. मावशींनी सही केली आणि सगळ्यांच्या आधी निघाल्या, कारण त्यांना साडेचारची गाडी गाठायची होती.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असं कायदा म्हणतो. आमची संपली नाही. मध्ये निवडणूक लागली, आचारसंहिता आली, खात्याच्या अधिकारी निवडणूक ड्युटीवर, एक तारीख तीन सदस्य जमले नाहीत म्हणून गेली. मी दर वेळी लेखी अर्ज देऊन विचारत राहिले, पुढची तारीख कोणती. तोंडी विचारलं की ‘कळवू’ म्हणतात, लेखी विचारलं की कळवतात.

अहवाल आला तेव्हा तक्रार सिद्ध झाली असं त्यात होतं. खरं सांगायचं तर शिफारशींचा भाग वाचताना मन खट्टू झालं. नोकर दोषी असला तर पगारवाढ रोखता येते, कामावरून काढता येतं. मालक दोषी असला तर त्याला त्याच्याच दुकानातून कोण काढणार? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर ऑफिसं असावीत, एचआर असलेली. आमच्या गल्लीतली भागीदारी त्यांच्या हिशेबात अर्धवटच बसते. लेखी माफी, समुपदेशन, नुकसानभरपाई, आणि दुकानात कायद्याचा फलक लावणं, एवढं मिळालं. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, गेलेली संधी, औषधपाण्याचा खर्च आणि समोरच्याची ऐपत हे बघतात, आणि हप्त्यानं द्यायची मुभाही देतात.

माफीचा पहिला कागद आला त्यात ‘माझ्या वागण्याने भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ असं होतं. अध्यक्षांनी परत पाठवला. दुसऱ्यात काय केलं ते लिहिलं होतं.

भरपाईचा पहिला हप्ता रखडला. मग ऑफिसातून पत्र गेलं की न भरल्यास रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होईल. आमच्याकडे या वाक्याला फार वजन आहे. समितीच्या इतर कुठल्याच कागदाला धाकट्यांनी इतक्या लवकर उत्तर दिलं नव्हतं. अपिलाला नव्वद दिवस असतात, ते त्यांनी केलं नाही.

मी आता जवळच्या शहरात एका दवाखान्यात बिलिंगला आहे. येण्या-जाण्यात वेळ जातो, पगार थोडा जास्त आहे. तिथं लिफ्टशेजारी अंतर्गत समितीचा फलक आहे, नावं आणि फोन नंबरसकट. मावशी अजून एजन्सीतच आहेत. अण्णांनी त्यांना काढलं नाही, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं.

एक गोष्ट या समितीत बसली नाही. धाकटे गोडाऊनच्या पोरांनाही छळायचे, एकाला तर कानाखाली मारली होती. त्या पोरांसाठी असली समिती नाही. मारलं तर पोलीस, जातीवरून बोललं आणि पोरगा अनुसूचित जाती-जमातीचा असला तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा, पगार बुडवला तर कामगार अधिकारी. पण मालक नुसता रोज पाणउतारा करतो, एवढ्याच कारणासाठी त्यांनी कुठं जावं याचं उत्तर मला त्या जिल्ह्याच्या ऑफिसात कुणी देऊ शकलं नाही.

शॉर्टेजच्या नावाखाली माझ्या पगारातून कापलेले पैसे समितीनं भरपाईत धरले नाहीत, पगाराचं भांडण वेगळं, असं म्हणाल्या. त्याचा अर्ज मी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे दिलाय, वहीच्या त्याच पानांच्या झेरॉक्स जोडून. अजून तारीख लागलेली नाही.